भाट्याच्या किनाऱ्यावर अण्णांची टोपी

मंडळी, हे लिहितानाही अंगावर काटा हाय.

आम्ही लातूरचे. आईला घेऊन रत्नागिरी बघायला आलो. माझे वडील, अण्णा, उभ्या जन्मात समुद्र न पाहताच वारले. म्हणून आईनं त्यांची पांढरी टोपी सोबत आणली.

सकाळी किल्ला बघून मांडवीच्या समुद्रात ती सोडली, गेलेल्या माणसाच्या वस्तू आमच्याकडं मांजरा नदीत सोडतात तशीच. नदी सोडलेलं घेऊन जाते, आपण मागं वळून बघायचं नसतं. आम्हीही बघितलं नाही.

संध्याकाळी खाडीपलीकडं भाट्याच्या वाळूत उभे होतो. लाट आली, मागं सरली. आईच्या पायाशी टोपी!

"दुसऱ्या कुणाची असंल," मी म्हणालो.

आईनं ती उलटी केली. धोब्याकडं बदलू नये म्हणून तिनंच घातलेला लाल टाका आत होता.

आई जराही घाबरली नाही. टोपी पिळत म्हणाली, "त्येंला हितं करमत न्हाई. घरी चला म्हनून राह्यलेत."

आता लॉजवर पंख्याखाली आमचे भिजलेले कपडे कधीच वाळलेत. टोपीतून मात्र अजून पाणी ठिबकतंय.

खरं सांगा, तुम्ही ही टोपी घरी नेली असती?