मोखाड्याला धडधाकट उतरण्याचं भाडं

जव्हारला जायचं ठरलं ते थंड हवेच्या मोहाने. संस्थान विलीन झाल्यापासून तिथे जायला कुणाची ओळख लागत नाही, एवढंच मी ऐकून होतो. तिथे गेल्यावर कळलं की ओळख लागत नसली तरी दुखणं लागतं. तेही आपापलं.

डहाणू रोडला आगगाडीतून उतरलात की जव्हारची मोटार मिळते. चढण सुरू झाली की इंजिनाला पाणी पाजायला थांबते, तेवढ्यात आपणही पाय मोकळे करून घ्यावेत. गावात धर्मशाळा बरी आहे, उशी मात्र आपली न्यावी. सकाळी शिरपामाळ पाहावं. महाराजांचा मुक्काम इथे झाला होता असं सांगतात, आणि तिथला वारा अंगावर घेतला की ते खरं वाटतं. खाणावळीत नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळते. मागितल्याशिवाय चटणी दुसऱ्यांदा वाढत नाहीत. मी मागितली.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याला निघालो. सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर दरांची पाटी होती : मोखाडा चौदा आणे, त्र्यंबक अकरा आणे. मोखाडा वाटेत लागतं, त्र्यंबक त्याच्या कितीतरी पुढे. पाटी रंगवणारा चुकला असेल म्हणून मी कंडक्टरला विचारलं.

"चुकला नाही," तो म्हणाला. "त्र्यंबकला दुसऱ्या शेटजींची पण मोटार जाते, म्हणून तिथला दर उतरवला. मोखाड्याला आमचीच एकटी. शिवाय त्यात नाक्याची पट्टी धरलेली आहे."

"संस्थानची हद्दच गेली. नाका कुठे राहिला?"

"नाका गेला. दर बसलेला आहे, त्याला कशाला उठवायचं?"

"मग मला त्र्यंबकचं द्या. मी मोखाड्याला उतरतो."

"तसं उतरता येत नाही. आमच्या शेटजींचा माणूस मोखाड्यात उभा असतो. त्र्यंबकच्या तिकिटावर मध्येच उतरायचं तर प्रकृती बिघडावी लागते." मग तिकीट फाडता फाडता त्याने हलकेच विचारलं, "काय होईल तुम्हाला?"

माझ्या शेजारी जामसरचे रामजीभाऊ बसले होते. डोक्याला कोरा फेटा, मांडीवर नव्या तांदळाची पिशवी. मुलीचं लग्न ठरवायला चालले होते.

"पोरीनं बाजारात बघून मुलगा पसंत केलाय," ते म्हणाले. "मी दोन ठिकाणी नाही म्हणून आलोय तिच्यापायी. आता हे मोडलं तर घरी कोणत्या तोंडानं जाऊ? फक्त त्याच्या आत्याचा होकार ऱ्हायलाय. तुमी शिकलेलं माणूस, चला माझ्यासंगं. चार शब्द बोला."

मोखाडा जवळ आलं तसा मोटारीत कण्हण्याचा आवाज सुरू झाला. कंडक्टर एकेकापाशी येऊन चौकशी करत होता. रामजीभाऊंनी पोट धरलं. माझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "पोटदुखी आज फार झाली, तुम्ही चक्कर घ्या."

मी चक्कर घेतली. शेटजींचा माणूस खाली उभाच होता, त्यामुळे रामजीभाऊंनी जरा जास्तच मनावर घेतलं. पार दुमडून, दोन्ही हातांनी पोट दाबत ते उतरले. मागोमाग मी कपाळ धरून. समोर झाडाखाली एक बाई उभी होती. तीच आत्या. पाहुण्यांना न्यायला पाड्यावरून चालत आली होती. पण उतारू सगळे उतरायच्या आतच ती पाठ फिरवून चालू लागली.

आम्ही मागून धावत पाड्यावर पोचलो, तेही चूकच झालं. आजारी माणसं धावत नाहीत, आणि धावली तर दुखणं विचित्र असतं. आत्याने पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली आणि सांगून टाकलं, "पोटाचं दुखणं आमाला घरात नको. पोरीला पण आसंल."

"दुखणं नाय वो, आत्या. तिकिटासाठी केलं."

"कसल्या तिकिटासाठी?"

रामजीभाऊंनी समजावलं. जवळ उतरायला जास्त पैसे पडतात, लांब जायला कमी. आत्या ऐकत राहिली. तिचा चेहरा आणखी कठीण झाला.

"मी मोटारीत कधी बसले नाय म्हणून माझी थट्टा करतोस काय रे? लांबच्या वाटेला कमी पैसं कोण घेतो?"

आता मी चार शब्द बोललो. हद्द, विलीनीकरण, दोन शेटजींची चढाओढ, सगळं नीट मांडलं. आत्याने रामजीभाऊंकडे वळून विचारलं, "याला चक्कर कधीपासून हाय?"

खरं बोलून माणूस इतका खोटा पडलेला मी प्रथमच पाहिला. जेवताना तर पंचाईत पुरती झाली. भूक लागलेले रामजीभाऊ भात बेताने खाऊ लागले तर आत्या म्हणाली, "बघा, पचत नाय." भरपूर खाल्ला तर म्हणाली, "हावरेपणानंच दुखत आसंल." नवरा मुलगा कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. जेवण उरकल्यावर त्यानेच तोंड उघडलं, "आत्या, उद्याची मोटार बघ. मग काय तं बोल."

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन आम्ही मोखाड्याच्या अड्ड्यावर झाडाखाली बसलो. मोटार आली. आधी एक शिपाई कंबर धरून उतरला. मग शाळेचे गुरुजी, डोळे मिटून. कोंबड्यांची पाटी घेतलेली एक बाई उलटीचा आव आणत उतरली आणि चार पावलांवर जाऊन कोंबड्यांचा भाव सांगू लागली. गुरुजींनी डोळे उघडून भाव पाडायला सुरुवात केली. शिपाई ताठ होऊन विडी पेटवत होता.

आत्याने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते.

"आख्खं जव्हारच दुखणाईत," ती म्हणाली. "मग पोरगी आणायची तरी कुठून दुसरी?"

रामजीभाऊंनी फेटा काढला, पुन्हा बांधला, पुन्हा काढला. आत्याने मात्र एक अट घातली. लग्नाला मुलीकडचं जे माणूस येईल ते मोखाड्याचंच तिकीट काढून येईल आणि सरळ चालत उतरेल. भावकी बघायला उभी असणार. सगळ्यांना किती वेळा समजावत बसायचं? "नवरीचं भाडं आमी देऊ," ती म्हणाली. "बाकीच्यांचं तुमचं तुमी बघा."

परतीच्या वाटेवर मी शेटजींकडे अर्ज करायचा विचार बोलून दाखवला. रामजीभाऊ घाबरले. "नको, भाऊ. दुरुस्ती झाली तर मोखाड्याचं उतरायचं नाय, त्र्यंबकचं चढंल." मी शिकलेला असूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, जव्हार कसं आहे? हवा उत्तम, म्हटलं, मोखाड्याकडे प्रकृतीच्या तक्रारी जास्त. अड्ड्यावरच्या दरांच्या पाटीचं आणि लग्नाचं आमंत्रण आल्याचंही सांगितलं.

"पुन्हा एवढ्या लांब जाणार? भाडं किती?"

"चौदा आणे."

"पाटीवर अकराही आहेत म्हणालात ना?"

"ते आजारी माणसांचं. मी मुलीकडचा आहे."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि मग विचारलं की हल्ली चक्कर वगैरे येते का.