सुनंदाकाकूंच्या व्हिडिओखालची कमेंट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, पण — कुठून सुरू करू?

विधानसभेच्या वेळी मी एका उमेदवाराचं फेसबुक पेज सांभाळत होतो. आईची मैत्रीण सुनंदाकाकू नालासोपाऱ्यात तुळिंजला चाळीत राहायच्या. त्यांचे यजमान झाकण नसलेल्या गटारात पडून गेले, त्याला चार महिनेही झाले नव्हते. मीच त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवलं. म्हटलं, काकू, तुम्ही बोललात तर झाकणं बसतील. बसणार होती का? मी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्या बोलल्या, रडल्या. मध्येच शेजारच्या कुकरची शिट्टी झाली म्हणून मी पुन्हा बोलायला लावलं — त्या पुन्हा रडल्या, तितक्याच खऱ्या.

व्हिडिओ पहिल्या दिवशी चालला, दुसऱ्या दिवशी थंडावला. साहेबांना, म्हणजे उमेदवाराला, रोज आकडे लागायचे. आणि मला ठाऊक होतं — हळहळ फार पुढे जात नाही, भांडण जातं. आमच्याकडे खोटी अकाउंटं होतीच. एक उघडलं आणि लिहिलं, 'बाई रडते छान. नवऱ्याला हिनंच ढकललं नसेल कशावरून?'

मी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

तासाभरात लोक तुटून पडले. काही माझ्या त्या खोट्या अकाउंटवर, बरेचसे काकूंवर. व्हिडिओ नालासोपाऱ्यात घरोघरी पोचला. साहेबांनी पाठ थोपटली — आणि मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं ना?

काकूंच्या मुलीनं ती कमेंट त्यांना वाचून दाखवली. पुढे नळावर बायका कुजबुजायला लागल्या. काकू घराबाहेर पडेनात. आईबरोबर भेटायला गेलो, तर त्यांनी मलाच विचारलं, "तुला यातलं कळतं ना रे? तो माणूस कोण, तेवढं शोधून दे. मी भांडणार नाही. फक्त सांगेन त्याला — मी तेव्हा कामावर होते."

"बाहेरचा कुणीतरी असेल, काकू," मी म्हणालो. त्यांनी केलेला चहा प्यायलो.

साहेब निवडून आले. गटार अजून उघडं आहे. काकू खोली सोडून गावी गेल्या, मुलीचं कॉलेज सुटलं. आईला फोन करतात तेव्हा माझी चौकशी करतात. मी फोनवर येत नाही.

चहा पिऊन घरी आलो, त्या संध्याकाळी ती कमेंट मला काढता आली असती. एका बोटाचं काम. पण मतदान व्हायचं होतं — मी ती राहू दिली.