‘जीव घाबरते’पुढची खूण

माझा धाकटा भाऊ पुण्याहून कायमचा परत आला तेव्हा दारव्ह्यात आमच्या ओळखीच्या सगळ्यांना आनंद झाला, मला सोडून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मी डॉक्टर आहे. बाजाराच्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे, त्याला बावीस वर्षं झाली. लोकांच्या पोटदुखीवर मी रोज औषध लिहून देते. भावाला पाहून माझ्या पोटात जे दुखायचं, त्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बारावीनंतर दोनदा मेडिकलच्या परीक्षेला बसला, दोन्ही वेळा हुकला. त्याला बायोलॉजी मीच शिकवत होते आणि हृदयाचे चार कप्पे त्याला कधी धड काढता आले नाहीत. मग तो कॉम्प्युटरकडे वळला. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. लग्नकार्यात ते माझी ओळख ‘ही आमची डॉक्टर’ अशी करून द्यायचे आणि त्याची नुसती ‘हा लहाना’. मला हे फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

वीसेक वर्षांनी हा लहाना परत आला तो एक टॅबलेट घेऊन. त्यानं आणि पुण्यातल्या त्याच्या दोन मित्रांनी मिळून एक प्रोग्राम तयार केला होता. पेशंटनं टॅबलेटसमोर बसून आपल्या बोलीत काय होतंय ते सांगायचं. प्रोग्राम ते ऐकून लिहून घेणार आणि कोणाला आधी आत पाठवायचं ते रंगानं दाखवणार. लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे नंबराप्रमाणे, हिरवा म्हणजे थांबलं तरी चालेल. जिथे एक डॉक्टर आणि बाहेर साठ माणसं असतात तिथे यानं जीव वाचतील, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर आणि कॉम्प्युटरवाले एका टेबलाशी बसल्याशिवाय हे व्हायचं नाही, आणि ते टेबल माझ्या दवाखान्यात असावं, असाही त्याचा हट्ट होता. इथे नीट चाललं तर यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, असं ठरलं.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि जे खरं कारण होतं ते बोलता येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यातच माझी चांगलीच फजिती झाली. माझ्यासमोर ‘टोंगळे दुखते’ एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या म्हाताऱ्या त्या टॅबलेटपुढे दहा-दहा मिनिटं बोलायच्या. गुडघा कधीपासून दुखतो, सून कशी वागते, पाणी किती दुरून आणावं लागतं, सगळं. माझ्या सिस्टरबाई मला कौतुकानं सांगायला आल्या की बायकांना ते यंत्र फार आवडलंय, ते मध्येच तोडत नाही. मी म्हटलं, त्याला जेवायला घरी जायचं नसतं. सिस्टरबाई हसल्या. मी हसले नाही. मी पेशंटला मध्येच तोडते हे मला ठाऊक होतं, पण ते एका काचेच्या पाटीकडून कळावं याचा राग आला.

घरी तर विचारूच नका. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे की पोरगी रोगी तपासते, पण पोरगा डॉक्टरांनाच शिकवतो. संध्याकाळी फिरायला जाताना ते आता भावाला सोबत न्यायचे. बावीस वर्षांत माझ्या दवाखान्यात ते औषध घ्यायलाच आले. भावाचा टॅबलेट पाहायला मात्र रोज येऊन बसू लागले. एकदा मी केबिनमधून पाहिलं, तर बाबा येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत होते, कुठे बसायचं, किती जोरात बोलायचं. मला त्या क्षणी इतकं जळायला झालं की समोरच्या माणसाचं ब्लडप्रेशर मला दोनदा मोजावं लागलं.

मग ती यादी आली. पेशंटच्या तोंडचे शब्द भावानं महिनाभर गोळा केले होते, त्यांची परवानगी घेऊन. डावीकडे शब्द, मध्ये अर्थ, उजवीकडे रंग. अंग कसकस करते, पोटात मुरडा येते, कसनुसं होते, अशी चौदा पानं. अर्थ पुण्यातल्या मित्रानं भरले होते आणि बरेचसे ठीक होते. भाऊ म्हणाला, तू एकदा पाहून दे, बरोबर असेल तिथे खूण कर, तुझ्यावाचून हे पूर्ण होणार नाही. बाबा समोरच बसले होते. ते म्हणाले, तिला कुठे वेळ आहे, तुझं तूच कर, तुला सगळं येतं.

मी यादी घेतली आणि लाल पेन घेऊन बसले. पहिली आठ पानं मी खरंच मन लावून तपासली. टोंगळा म्हणजे घोटा लिहिलं होतं, तो गुडघा केला. नवव्या पानावर एक ओळ होती. जीव घाबरते. अर्थ: भीती, चिंता. रंग: हिरवा.

आमच्याकडे कोणी जीव घाबरते म्हटलं की त्याला कशाची भीती वाटत नसते. आतून काहीतरी बिनसलेलं असतं. उलटीसारखं, गरगरल्यासारखं, छातीत कोंडल्यासारखं. कधी ते पित्त असतं आणि कधी हार्ट अटॅक. बाईमाणूस तर छातीत दुखतं असं फार क्वचित म्हणतं, जीव घाबरते हेच म्हणतं. हे मी कोणत्या पुस्तकात शिकले नाही. इथे बसून शिकले.

मी ती ओळ वाचली, नीट वाचली. मग तिच्यापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. मनात आलं ते असं: यवतमाळच्या डॉक्टरांसमोर हा तोंडावर आपटू दे. कोणीतरी हसून विचारील, हे कोणी लिहिलं? मग मी बोलेन आणि बाबा ऐकतील. यादीतल्या शब्दांमागे माणसं आहेत, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. डॉक्टर असून आलं नाही.

यवतमाळचं दाखवणं पुढे ढकललं गेलं. मी तपासलेली यादी मात्र भावानं दवाखान्यातल्या प्रोग्राममध्ये भरली, आणि बाजाराचा दिवस आला. दवाखाना भरलेला होता. माझ्या स्क्रीनवर फक्त नंबर आणि रंग दिसायचे, आणि मी लाल-पिवळे भराभर आत घेत होते. मध्येच सिस्टरबाई आत आल्या.

“डाक्टरीनबाई, हिरव्यातली एक बाई मले बरी दिसून नाही राह्यली. तास झाला बसून.”

मी विचारलं, ती काय म्हणते?

“जीव घाबरते म्हनते.”

पेन टाकून मी बाहेर गेले. पन्नाशीची बाई, कापूस वेचणीतून थेट आलेली, बाकाच्या कडेला बसलेली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. तिला आत घेऊन ईसीजी काढला. पट्टी वाचायला मला वेळ लागला नाही. गोळी चघळायला दिली, अॅम्ब्युलन्स बोलावली, यवतमाळला फोन केला. गाडी निघेपर्यंत तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. उशीर केला म्हणून ती माझीच माफी मागत होती.

संध्याकाळी भाऊ यादीचं नववं पान घेऊन केबिनमध्ये आला. माझी लाल खूण त्यावर ठळक होती.

“ताई, तू हे वाचलं होतं ना?”

“घाईत होते,” मी म्हटलं.

 त्यानं पान घडी घालून खिशात ठेवलं आणि तो गेला.

चार दिवसांनी त्या बाईचा नवरा सांगायला आला की ती उठून बसली, चहा प्याली. त्या रविवारी बाबांकडे जेवायला बसलो असताना भावानंच विषय काढला. चूक आपली झाली, एक शब्द चुकीच्या रंगात गेला, ताईच्या सिस्टरबाईंमुळे आणि ताईमुळे बाई वाचली, असं त्यानं सांगितलं. यादीचं नाव घेतलं नाही. बाबा त्याच्यावर बिघडले. बहीण एवढी डॉक्टर आहे, तिला विचारायला काय झालं होतं, पुण्याला राहून आपली बोली विसरला का, असं खूप बोलले; तिला कुठे वेळ आहे असं त्या दिवशी स्वतःच म्हणाल्याचं ते विसरले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले की शेवटी डॉक्टर ती डॉक्टर. हेच ऐकायला मी सहा महिने तडफडत होते आणि आता ते ऐकवत नव्हतं.

“बाबा, त्यानं विचारलं होतं,” मी म्हटलं. “मी पाहिलं होतं ते. मुद्दाम चूक राहू दिली.”

बाबा हसले.

“पाह्य,” ते भावाला म्हणाले, “तुह्या चुकीवर पांघरूण घालून राह्यली. मोठी बहीण अशी असते.”

भाऊ ताटातला भात कालवत राहिला. त्याला खरं माहीत होतं. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या आठवड्यात नवी यादी तयार झाली. मी वाट पाहत होते. लाल पेन बाजूला ठेवून निळ्या शाईचं काढून ठेवलं होतं. बुधवारी बाहेर आले तर सिस्टरबाई चष्मा लावून बाकावर बसल्या होत्या, मांडीवर ती पानं, आणि शेजारच्या दोन बायकांना एकेक शब्द विचारून अर्थ लिहून घेत होत्या. बाबाही तिथेच बसले होते आणि मध्ये मध्ये सुचवत होते. मी म्हटलं, आणा, मी एकदा नजर टाकते.

सिस्टरबाईंनी पानं जराशी छातीशी ओढून घेतली. त्या बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं.

“राहू द्या, डाक्टरीनबाई. तुमच्या भावानं सांगतलं, तुमाले लय काम हाय, तुमाले दाखवू नका म्हने.”