रिकामा चिमटा

"झाकण उचल."

झेरॉक्स निघाली, अस्सल कागद हातात गेला, तो पिशवीत गेला, पिशवी काखेत गेली, तरी मावशी हे म्हणायचीच. मी मुकाट मशीनचं झाकण उचलायचो. ती काचेवरून तळहात फिरवायची, झाकणाची आतली बाजू बघायची आणि शेवटी माझ्याकडे बघायची. एसटीत पाकीट मारलं गेलं की माणूस शेजारच्याकडे बघतो ना, तसं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. मला अस्सा राग यायचा म्हणता!

"मावशी, आत काय साप बसलाय का?"

"साप परवडला, भाऊ. त्यो दिसतो तरी."

माझं दुकान ओतूरला, स्टँडसमोर. मावशी पिंपळवंडीची. दोन कागदांसाठी एवढ्या लांब कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडचे समदे झेरॉक्सवाले दिराच्या वळखीचे. तू न्हाईस, असं दिसतंय." म्हणजे माझ्यावर विश्वास होता असं नाही, फक्त चौकशी पुरी झालेली नव्हती.

हा दीर म्हणजे तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा गेल्यावर घर आणि रान मावशीच्या नावावर लागणार, तर त्याने हरकत घेतली. म्हणे, ही माझ्या भावाची बायकोच नव्हे, लग्न झालंय कधी? मूलबाळ नव्हतं. लग्न लेण्याद्रीच्या पायथ्याला पंधरा-वीस माणसांत लागलेलं. त्यातली बरीचशी गेलेली, उरलेल्यांना दिराशी वाकडं घ्यायचं नव्हतं. रेशनकार्ड होतं, पण दीर म्हणायचा, त्याच्यावर काय, कुणाचंही नाव चढतं. घरातून त्याने तिला काढलं नाही. चावडीवर मात्र सांगायचा, "राहू दिलंय तिला." हे शब्द मावशीला फार लागायचे. चाळीस वर्षं ज्या घरात नांदली, तिथे आता ती राहू दिलेली बाई झाली होती.

सगळे कागद एकदम घराबाहेर काढायला ती तयार नव्हती. म्हणून मोबाइलवर फोटो काढायला एकदा मीच पिंपळवंडीला गेलो. आणि काय सांगू, बघतच राहिलो. दारापासून चुलीपर्यंत भिंतीला नायलॉनची दोरी, तिला कपड्यांचे चिमटे, आणि चिमट्यांना आख्खा संसार टांगलेला. एका वर्षाला एक वीत. नवऱ्याचा शाळेचा दाखला दाराशी. त्याच्यावर जन्म एक जूनचा, पुढे तिच्याही दाखल्यावर एक जूनच. गुरुजींनी निम्म्या गावाला त्याच दिवशी जन्माला घातलेलं. मग रेशनकार्ड, विहिरीची मंजुरी, विजेचं पहिलं बिल, दवाखान्याची केस. ज्या वर्षी काहीच घडलं नाही, तिथे नुसती दोरी. चुलीजवळ शेवटी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. वाऱ्याने बाकीचे कागद फडफडत होते, तो तेवढा ताठ होता. लॅमिनेशन माझंच होतं, मला जरा अभिमान वाटला.

"पेटीत ठेवलं तर कोण, कवा काढून नेईल, कळत न्हाई," ती म्हणाली. "हितं गेलं तर भोक दिसतं."

भोक होतंच. शाळेचे दाखले आणि रेशनकार्ड यांच्यामध्ये एक चिमटा रिकामा होता.

"ही लग्नपत्रिकेची जागा. दिराचं नाव हाय तिच्यावर, 'आपले नम्र'मधी, छापलेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ती तुझ्याकडं राह्यली. पहिल्यांदा आले व्हते, तवा."

मी चिडलो. पहिल्यांदा आली तेव्हा तिने मृत्यूचा दाखला लॅमिनेट करायला दिला होता. पत्रिका मी बघितलीसुद्धा नव्हती. दुकानात परत येऊन मशीन हलवलं, कपाट ओढलं, रद्दी उपसली. काही नाही. तेव्हापासून माझ्या मनात किडा शिरला. चाळीस वर्षं जपलेली पत्रिका नेमकी कामाच्या वेळी कशी हरवते? मुळात होती का? दुसऱ्यांना सतत चोर ठरवणारी माणसं स्वतःच काहीतरी झाकत असतात, असं मला वाटायला लागलं. दोरीच्या फोटोंकडेही मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. एवढी टापटीप कशासाठी? एक चिमटा मुद्दाम रिकामा ठेवला की बघणाऱ्याला वाटावं, इथे काहीतरी होतं.

हरकतीची सुनावणी लागली तेव्हा ती मला तहसील कचेरीत साक्षीला घेऊन गेली. साहेबांनी विचारलं, "पत्रिका तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती का?"

"नाही साहेब. मला दिलीच नव्हती."

खोटं बोललो नाही मी. दीर बाकावर बसून गालात हसला. मावशी उठली. पदराने तोंड पुसलं आणि एसटीची वेळ विचारली. तिचं नाव लागलं नाही, प्रकरण तसंच लोंबकळत राहिलं.

मला वाटलं, आता ही येणार नाही. पण पुढच्याच आठवड्यात हजर! झेरॉक्स झाली, झाकण उचलून झालं, आणि मग एक नवीन वाक्य: "सापडली का?" पुढे तीन-चार वर्षं दर खेपेला हेच. मी कधी हसून, कधी करवादून नाही म्हणायचो. एकदा तर लोकांदेखत बोललो, "नव्हतीच ती, मावशी, सापडंल कुठनं?"

"आसंल बाबा," ती म्हणाली आणि हळूहळू पायरी उतरली. त्यानंतर ती दुकानात आली नाही.

या पावसाळ्यानंतर तिची भाची आली. मावशी गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. तिला मावशीच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला कचेरीत द्यायचा होता, पण लॅमिनेशन केलेलं अस्सल चालत नाही म्हणून तिथून परत पाठवलेलं. कडा सुटलेल्याच होत्या. मी ब्लेड घेतलं, प्लास्टिक अलगद सोलायला लागलो. मागे जाड कोरा कागद होता. दाखला चुरगळू नये म्हणून मावशीने बसमध्ये पुठ्ठ्यासारखा पाठीशी धरून आणलेला. मी तो आधाराचा कागद समजून दोन्ही एकदम मशीनमध्ये सरकवले होते, दाखला ताठ राहील म्हणून.

कागद सुटला. आतल्या बाजूला पिवळी पत्रिका. वर गणपती, कोपऱ्यांना कुंकू. आमचे येथे श्रीकृपेकरून. खाली 'आपले नम्र', आणि तिसरं नाव दिराचं.

मी ब्लेड खाली ठेवलं. भाचीला सगळं सांगितलं, सुनावणीतलंही, पायरीवरचंही. तिने पत्रिका दोनदा वाचली. मग म्हणाली, "तुमीच चला. तुमीच लावा."

दोरी तशीच होती. दीर अंगणात उभा होता. भाचीने पत्रिका त्याच्यापुढे धरली. त्याने चष्मा लावून वाचली, स्वतःच्या नावावर जरा थांबला.

"लई जुनं झालं. ध्यानात राह्यलं न्हाई," एवढंच म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला.

मी आत गेलो. चिमटा गंजला होता, उघडताना कुरकुरला. पत्रिका लावली. "सापडली, मावशी," असं म्हणायचं ठरवून आलो होतो, पण नुसता चिमटा पक्का बसलाय का ते बघितलं.

भाची शेजारी येऊन उभी राहिली. तिने पत्रिका चिमट्यातून काढली, उलटी केली, पाठीवरून तळहात फिरवला, आणि माझ्याकडे बघितलं. मग जागेवर परत लावली.