तीनदा ‘बंद’

बालाघाटच्या नगरपालिकेत मी सर्व्हेचं काम करते. नळाची नवी लाइन टाकायची होती, म्हणून नाल्याकाठच्या वस्तीत घरोघरी जाऊन नावं लिहायची होती. नियम साधा. दाराला कुलूप दिसलं की खडूनं ‘बंद’ लिहायचं. तीनदा ‘बंद’ झालं की घर रिकामं समजायचं. रिकाम्या घराला नळ कशाला?

आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा अकरा वाजता. ऑफिस उघडणार, मग चहा, मग रजिस्टर शोधणं, त्याआधी निघणार कसं? अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं. मी फटाफट लिहीत सुटले. काम लवकर उरकतंय म्हणून मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! यादी वर गेली आणि नकाशावरची निळी रेघ नाल्याच्या अलीकडेच थांबली.

माझी आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्यापाशी दिवसभर एक बाई असते. मी ऑफिसला निघायच्या आत ती येते, मी परतले की जाते. नाल्याकडे राहते एवढंच मला ठाऊक. नेमकं कुठं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी आईचे केस विंचरता विंचरता ती म्हणाली, “बाई, तुमच्या ऑफिसात सांगा नं. आमच्या दारावर तीन डाव लिवून गेले, आन् आता म्हन्तेत यादीत नावच नाही. रेल्वे फाटकाजवळच्या हापशीवरून डोक्यावर पान्याचे गुंड भरभरून आनतो मी. गुडघे गेले ना माये.”

“दिवसा घरी कोणीच नसतं का?”

“काहून नाही? सासू असते. तिले दिसत नाही, नाल्यात पडन म्हनून बाहेरून कुलूप लावून येतो. आतून आवाज देत होती म्हने, कोन हाय, कोन हाय.”

तो आवाज मी ऐकला होता. शेजारच्या घरातला असेल, असं तेव्हा मीच ठरवून टाकलं होतं.

“लिहिणारी मीच होते,” मी म्हटलं. ती कंगव्यातले केस काढत राहिली. शरमेनं मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, “मैडम, तीन बार गए थे न? नियम है।”

माझं डोकंच फिरलं. “गेलो होतो, अकराला! त्या वेळी त्या बाया राइस मिलमध्ये धान पाखडतात, आपल्याच घरी भांडी घासतात. कुलूप नाही तर काय दिसणार?”

चूक माझी, असं लेखी द्या म्हणाले. दिलं. नावं पुन्हा लिहायला सोमवारपर्यंतची मुदत मिळाली.

रविवारी आईपाशी असणाऱ्या बाईला सुट्टी असते. सकाळी सहालाच मी रजिस्टर घेऊन वस्तीत गेले. एकूण एक दार उघडं! चुली पेटलेल्या, अंगणात सडे पडलेले. नावं लिहीत लिहीत शेवटी तिच्या घरी पोचले. सासू उंबऱ्यात बसली होती. दारावरचा माझा खडू अजून पुसला नव्हता. मी पेन काढलं तशी बाई आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

“बाई, मी तं आज घरी हावो. मंग तुमच्या मायपाशी कोन हाय?”

कोणीच नव्हतं. आई आत झोपली होती, आणि मी बाहेरून कुलूप घालून आले होते.