यादीतला श्रीकांत

दुपारी दोन वाजता वॉटफर्डच्या त्या घरात सुचेताशिवाय कोणी नसतं. मुलगा अपूर्व सकाळचीच ट्रेन पकडून लंडनला गेलेला असतो, सून वैभवी तिच्या ऑफिसात आणि नात तनिषा शाळेत. सुचेता डायनिंग टेबलावरचे टोस्टचे कण ओल्या फडक्याने गोळा करते, लॅपटॉप उघडते, कानाला हेडफोन लावते आणि तीन हजार मैलांवरच्या नॅशुआ गावातल्या म्हाताऱ्यांना फोन करायला बसते. तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. ही वेळ तिथल्या कोणा कार्यकर्त्याला नको असते, म्हणून ती सुचेताच्या वाट्याला आली आणि तिला ती आवडली.

नॅशुआ न्यू हॅम्पशायर राज्यात आहे. सुचेताने तिथे बावीस वर्षं संसार केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडण्याआधी पक्षाचा उमेदवार कोण, हे राज्याराज्यांतले लोक मत देऊन ठरवतात, आणि या चिमुकल्या राज्याचा नंबर अगदी सुरुवातीला लागतो. त्यामुळे आधीचं वर्षभर मोठमोठी माणसं तिथल्या बेकऱ्यांतून हात मिळवत फिरतात. एरवी त्या गावाला कोण विचारतंय! सुचेताचा नवरा श्रीकांत या सगळ्यात नखशिखान्त बुडालेला असे. गुडघाभर बर्फात पाटी धरून उभा राहणारा, ओळख ना देख अशांची दारं वाजवणारा माणूस. सुचेता थर्मासमध्ये चहा भरून द्यायची आणि मोजे वाळत घालायची. तिचं राजकारण तेवढंच.

आता ती स्वतःच उमेदवार ऑस्बर्गबाईंसाठी फोन करत होती. मतदानाला तीन आठवडे उरले होते. तिने स्वतःचं मत डिसेंबरातच पोस्टाने धाडलं होतं. इंग्लंडमध्ये तिला मत नव्हतं. वैभवी पुण्याहून व्हिसावर आलेली, तरी भारत कॉमनवेल्थमधला म्हणून तिला इथे मत होतं. सुचेताकडे अमेरिकेचा पासपोर्ट, म्हणून तिला नाही. वैभवी मात्र कौन्सिलच्या निवडणुकीचं पत्रक न वाचताच कचऱ्याच्या निळ्या बिनमध्ये टाकायची.

"आई, आज किती जणांनी फोन आपटला?" ती रात्री जेवताना विचारायची.

"अकरा."

"आणि तुम्ही हे फुकट करता!"

"आई, मी बुधवारी घरून काम करतो ना," अपूर्व त्याच्या अमेरिकेत वाढलेल्या मराठीत म्हणायचा, "तेव्हा तुझी आवाज वर येते. मला मीटिंग असतो."

त्यानंतर बुधवारी ती कोट घालून, लॅपटॉप घेऊन मागच्या कॉन्झर्व्हेटरीत, काचेच्या खोलीत, बसू लागली. तिथे हीटर नव्हता.

कामाची रीत सोपी होती. पडद्यावर एकेक नाव येतं. वय, पत्ता, फोन. बोलणं झालं की एक ते पाचपैकी आकडा द्यायचा. एक म्हणजे नक्की आपला, पाच म्हणजे पुन्हा फोन करू नका. बोलणं झालं नाही तर खाली पर्याय असतात: घरी नाही, नंबर चुकीचा, गाव सोडलं, मृत. नॅशुआच्या प्रचार कचेरीतली केली नावाची तेवीस वर्षांची पोरगी सगळ्यांच्या याद्या बघायची. "सुचेता, तुझी यादी सगळ्यांत स्वच्छ," असं तिने एकदा लिहिलं होतं. सुचेताने ते वाक्य दोनदा वाचलं. या घरात तिने धुतलेल्या ओट्यालाही कोणी स्वच्छ म्हटलं नव्हतं.

आणि एका मंगळवारी पडद्यावर नाव आलं: देवस्थळी, श्रीकांत. वय एकाहत्तर. चौदा, सिडर लेन.

यादी जुनी होती. त्यात चूक कोणाची म्हणायची? श्रीकांत गेला तो पुण्यात, भावाच्या घरी, तीन वर्षांपूर्वी. सुचेता तिथून दोन बॅगा घेऊन थेट वॉटफर्डला आली. नॅशुआचं घर नंतर कागदावरच विकलं गेलं. गावच्या मतदार कचेरीला कोणी काही कळवलंच नाही. गावाच्या लेखी तो नुसता परतला नव्हता.

तिने फोन लावला. आकडे बघावे लागले नाहीत, बोटंच चालली. हा नंबर सेवेत नाही, असं एका बाईने तीनदा सांगितलं. आता ‘नंबर चुकीचा’ दाबायचं, नाहीतर सरळ ‘मृत’. सुचेताने दोन्हींपैकी काहीच दाबलं नाही. तिने एक दाबला.

खोटं तरी काय होतं त्यात? असता तर एकच असता. त्याच्याइतका नक्की माणूस अख्ख्या सिडर लेनवर नव्हता.

अर्ध्या तासात केलीचा निरोप आला. "सिडर लेनवर आपलं कोणी नव्हतं! कमाल केलीस."

जे ‘एक’ असतात त्यांना मतदान विसरू देत नाहीत, म्हणून त्यांची नावं दोन-तीन दिवसांनी पुन्हा येतात. शुक्रवारी श्रीकांत पुन्हा आला. सुचेताने नंबर फिरवला, त्या बाईचं बोलणं संपेपर्यंत थांबली आणि मग मुकाट झालेल्या फोनवर म्हणाली, "इथे मोजे वाळत नाहीत रे. रेडिएटर दिवसा बंद ठेवतात, बिल येतं म्हणून. मी स्वेटरवर स्वेटर घालते." मग तिने नोंद केली: बोलणं झालं.

पुढे ते अंगवळणीच पडलं. कधी तनिषाच्या शाळेतलं, कधी एजवेअरच्या दुकानात दोन पौंडांना मिळालेली मेथी आणि ती निवडायला सोबत नसणं. एकदा ती चिडलीच त्याच्यावर. "तुला काय, तू भावाकडे निवांत गेलास. मला विचारलंस का कुठे राहशील म्हणून?" इतर नावं ती भराभर संपवायची आणि श्रीकांतचं यायची वाट बघायची. सहा नोंदी झाल्या.

मतदानाच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमाराला तिचा मोबाइल वाजला. नंबर अमेरिकेचा.

"वहिनी, हरीश बोलतोय."

हरीश म्हणजे नॅशुआचे, मागच्या गल्लीतले शेजारी, श्रीकांतचे मित्र. दर निवडणुकीत दोघं एकत्र पाट्या लावत.

"अहो भावजी! तिकडे सात वाजले असतील."

"बर्फ काढायला उठलोय. ड्राइव्हवेवर फूटभर साचलंय. वहिनी, एक विचारायचं होतं, रागावू नका."

"माझ्या रागाला इथे कोण भीक घालतंय. बोला."

"मंगळवारी ज्या म्हाताऱ्यांना मतदानाला गाडीतून न्यायचंय, त्यांची यादी आली मला. सहा नावं. चौथं श्रीकांतचं आहे."

सुचेताने केटलचं बटण बंद केलं. पाण्याचा आवाज हळूहळू बसला.

"पुढे लिहिलंय, नक्की आपला," हरीश म्हणाले. "दोन आठवड्यांत सहा वेळा बोलणं झालं. फोन करणारी, सुचेता डी."

"चुकलंच माझं."

"मला आधी हसूच आलं. म्हटलं, हा गडी गाडीत पुढच्याच सीटवर बसणार आणि मला रस्ता शिकवणार." फावडं कशावर तरी टेकवल्याचा आवाज आला. "मीच सोडलं होतं ना तुम्हा दोघांना बॉस्टनला, विमानतळावर. उतरताना म्हणाला, नोव्हेंबरच्या मतदानाआधी येतो, माझी पाटी कोणाला देऊ नकोस. अजून गॅरेजमध्येच आहे."

सुचेताने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"असं करू का वहिनी? राहू दे नाव. मंगळवारी मी सिडर लेनला जातो, दोन मिनिटं गाडी उभी करतो, निघतो. कोणाला काय कळणार आहे?"

तिच्या डोळ्यांपुढे ती गल्ली आली. वळणावरची लाल टपालपेटी, हरीशची जुनी व्हॅन, दारात उभं राहून टोपी शोधणारा श्रीकांत. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. सोमवारी नाव पुन्हा आलं असतं, मंगळवारीही आलं असतं.

"गाडीत किती जागा आहेत भावजी?"

"तीन. दोन खेपा कराव्या लागणार."

"यादी भरली म्हणून कोणी राहिलंय का?"

हरीश जरा घुटमळले. "चर्चजवळची एक बाई आहे. वॉकर घेऊन चालते. तिला सांगितलंय, बघतो म्हणून."

"मग तिला घ्या. मी त्याचं नाव काढते."

"मी इथून केलीला सांगू का? तुमचं नाव नाही घेत."

"नको. माझ्या यादीवर तिचा विश्वास आहे. मीच सांगते."

"बरं." ते फोन ठेवेनात. "थंडी आहे का तिकडे?"

"घरात आहे," सुचेता म्हणाली.

दोनला तिने लॅपटॉप उघडला. आधी केलीला लिहिलं: सिडर लेनवरचा तो ‘एक’ माझा नवरा होता. तो तीन वर्षांपूर्वी वारला. सहा नोंदी खोट्या आहेत, बाकीची बोलणी सगळी खरी आहेत. खालच्या कोपऱ्यात ‘वाचलं’ अशी खूण उमटली. उत्तर आलं नाही. उद्या आपल्याला यादी मिळेल की नाही, हे तिला कळेना.

मग तिने नाव शोधलं. फोन लावला नाही. पर्यायांच्या तळाशी जाऊन ‘मृत’वर बोट ठेवलं.

पडद्यावर आणखी एक चौकोन उघडला. तो आजवर तिला कधी दिसला नव्हता, कारण इतरांच्या बाबतीत तिने हे बटण दाबलंच नव्हतं. कोणी गेल्याचं कळलं तरी ती ‘घरी नाही’ असंच लिहायची. चौकोनात विचारलं होतं: ही माहिती कोणी दिली? खाली तीन पर्याय होते. शेजारी. घरची व्यक्ती. इतर.

सुचेताने ‘घरची व्यक्ती’ निवडलं.