व्हटाला चिकटल्याला बोल्ट

थंडी मला बाधत न्हाई, असं जहाजावर मी सगळ्यांना सांगून ठिवल्यालं. बर्फावर उतरलो आन पाच मिन्टांत मिशीचा पार खराटा झाला, हसायला गेलो तर मिशीच दुखायची.

मी संगमनेरचा फिटर. शाळा चौथीपत्तोर, तीबी ओढूनताणून. अंटार्क्टिकावर आपल्या शास्त्रज्ञांचं ठानं हाय, तिथली मशिनं बघायला सालभरासाठी गेल्तो.

एक दिस दुपारी आतलं जनरेटर बंद पडलं. हीटर गेलं, भिंती गार पडाय लागल्या, आत वीसेक मानसं. दुसरं जनरेटर बाहेर शेडात हुतं, पर त्याचा डिझेलचा पाइप सुटल्याला. तेवढा जोडला की काम झालं. एकट्यानं बाहेर जायचं न्हाई असा तिथला नियम, म्हनून संगं डॉक्टरबाई आल्या. पुन्याच्या. त्यांनी कोमट पान्याचा थर्मास घेतल्याला.

बाहेर वारा मेल्याला. काटा वजा अडतीसवर. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, दोन्हीच्या मधी बांधच न्हाई. सूर्य पार कडंला टेकल्याला, त्याला बघितलं तरी डोळं दिपत न्हवतं. आवाज म्हनशीला तर कायबी न्हाई. माझा श्वास सुटायचा आन तितंच गोठून कानापाशी बारीक कुरकुरायचा, त्यो आयकू यायचा. देवळात गेल्यावानी वाटलं, टोपी काढून हात जोडावं असं झालं. बाईंनी हात धरला म्हनून कान वाचले.

शेडात गेलो. पाइप आवळायचा बोल्ट एकच, खाली पडला तर बर्फात गेला. आन हातमोजं असं जाड की पाइप धरू का बोल्ट धरू. गॅरेजात आमी काय करतो, बोल्ट व्हटात धरतो. मीबी धरला.

त्यो बसला चिकटून. वढला तर व्हट संगं आला. मी बोंबलतोय, पर नुसतं ऊं ऊं. तिकडं आत मानसं गारठत्यात आन बोल्ट माझ्या तोंडाला. बाईंनी मान मागं करायला लावली, थर्मासातलं पानी हळूहळू वतलं. बोल्ट सुटला, थोडी कातडी घिऊन गेला. मी पुसून बसवला, पाइप आवळला, बटन दाबलं. दोनदा खोकलं आन तिसऱ्यांदा जनरेटर धडधडाय लागलं.

आत गरम झाल्यावर बाई व्हटाला मलम लावत हुत्या. मी म्हनलो, "बाई, आज माझ्यामुळं सगळे वाचले बगा."

त्या म्हनाल्या, "बोल्टामुळं वाचले. तुमचं तोंड फक्त मधे आलं."